व्हॉट्सॲपवर आपण खाऊन टाकतो तो पूर्णविराम मराठीत रुजवणाऱ्या मेजर कँडींची गोष्ट

एप्रिल महिना. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला लागून असलेलं कुठलंही गाव डोळ्यांसमोर आणा. मोहफुलांचा हंगाम सुरू आहे. पहाटे टोपल्या घेऊन माणसं जंगलात निघतात. आदल्या दिवशी गावाजवळ वाघ दिसलेला असतो. अशा वेळी गावाच्या ग्रुपवर एक मेसेज येतो,

वाघ गेला नाही जायचं का आज

आता सांगा, वाघ गेला की नाही?

पूर्णविराम "गेला" नंतर टाका. वाघ गेला. नाही जायचं का आज? म्हणजे वाघ निघून गेलाय, मग चला की. आता तोच पूर्णविराम एक शब्द पुढे सरकवा. वाघ गेला नाही. जायचं का आज? म्हणजे वाघ अजून तिथेच आहे आणि माणूस विचारतोय, जायची हिंमत करायची का. शब्द तेच, क्रम तोच. फरक फक्त एका टिंबाचा.

हा मेसेज उदाहरणापुरता बनवलेला आहे. पण असे मेसेज रोज येतात, आणि त्यावरून भांडणंही रोज होतात. कुणाला "कि" लिहिलेलं खपत नाही, कुणाला "ओटीपी पासवर्ड" ऐकून डोकं फिरतं, कुणाला "एचबीडी" लिहिणारा माणूस आळशी वाटतो, तर कुणाला "ओके." मधलं टिंब बघून समोरचा रागावलाय असं वाटतं.

हे टिंब मराठीत रुजवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते होते मेजर थॉमस कँडी. शाळेत हे नाव सगळ्यांनी एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं. मराठीत विरामचिन्हं कुणी आणली? मेजर कँडी. पुढचा प्रश्न. पण हा माणूस कोण होता, त्याने हे का केलं आणि मराठी लेखक त्याच्यावर का वैतागले, हे त्या एका मार्कात येत नाही.

कँडी येण्याआधी मराठी कशी लिहायचे?

त्या काळी रोजचा सगळा व्यवहार मोडी लिपीत चालायचा. पत्रं, हिशेब, करार, हुकूम, सगळं मोडीत. बोरू घ्यायचा, आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविरामही नाही. ह्रस्व-दीर्घाचा फरकही सहसा पाळला जात नसे.

पोथ्या देवनागरीत म्हणजे बाळबोधीत लिहिल्या जायच्या. तिथे श्लोक किंवा ओवी संपली की उभा दंड यायचा. पण तो पद्यासाठी. गद्यात वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

मग लोकांचं अडत नव्हतं का? बऱ्याच अंशी नाही. कारण मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. "गेला", "केले", "पाठविला" असा शब्द आला की वाक्य संपलं हे कळायचं. कुणाचं बोलणं कुठे संपतं ते "असे" किंवा "म्हणोन" यावरून समजायचं. प्रश्न असेल तर "का", "काय" सांगायचे. भाषेनेच आपली विरामचिन्हं शब्दांमध्ये लपवून ठेवली होती.

गोची कुठे व्हायची? नकारात. "नाही" हा शब्द क्रियापदाच्या मागेही येतो आणि पुढेही. गेला नाही, नाही जायचं. तो दोन वाक्यांच्या मधे सापडला की मागच्याचा की पुढच्याचा, हे ठरवायला फक्त अंदाज उरतो. वाघाच्या मेसेजमध्ये नेमकं हेच झालंय.

सरावलेला कारकून हे सगळं अचूक वाचायचा. लिहिणारा ओळखीचा, विषय ओळखीचा, मायना ठरलेला. तरीही भीती होतीच. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल "ध" चा "मा" केल्याची आख्यायिका मराठी माणसाच्या तोंडी अजून आहे. ती खरी की खोटी हा वेगळा वाद. पण एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे त्या काळच्या लोकांना पटत होतं, म्हणून तर गोष्ट टिकली.

आणि शॉर्टफॉर्म? ते तर आपल्याहून जास्त. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. वे. शा. सं. म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. कृ. सा. न. वि. वि. म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. अगदी आत्तापर्यंत लोक चि., सौ., मु. पो. आणि ता. क. लिहीत होते. मोबाईलने पोरं बिघडवली म्हणणाऱ्या आजोबांच्या जुन्या पत्रात पहिल्या दोन ओळी निव्वळ शॉर्टफॉर्मच्या सापडतील.

फौजेत आलेला पोरगा शब्द गोळा करायला लागला

थॉमस कँडी यांचा जन्म डिसेंबर १८०४ मध्ये इंग्लंडमधला. सोबत जुळा भाऊ, जॉर्ज. थॉमस यांचं शिक्षण ऑक्सफर्डला झालं आणि १८२२ मध्ये, म्हणजे वयाची अठरा वर्षंही पूर्ण व्हायच्या आधी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले.

काळ लक्षात घ्या. पेशवाई बुडून चारच वर्षं झाली होती. एवढा मोठा मराठी मुलूख कंपनीच्या हातात आला होता, पण तिथली भाषा येणारे साहेब मोजके होते. त्यामुळे ज्या अधिकाऱ्याला भाषा येते त्याला भाव होता. पलटणीत दुभाष्याचं पद असायचं, आणि त्यासाठी परीक्षा असायच्या. कँडी हिंदुस्थानी शिकले, मराठी शिकले, संस्कृतही शिकले.

त्याच सुमारास जेम्स मोल्सवर्थ नावाचा दुसरा एक फौजी अधिकारी मराठी शब्दांच्या मागे लागला होता. त्याला मराठीचा मोठा शब्दकोश करायचा होता. सरकारने परवानगी दिली आणि थॉमस व जॉर्ज हे दोघे कँडी बंधू त्याच्या मदतीला आले.

पण खरं काम कुणाच्या जिवावर चाललं, हे विसरायला नको. या साहेबांच्या सोबत मराठी शास्त्री-पंडितांचा गट होता आणि त्यात जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांचं नाव पुढे होतं. या पंडितांचा मराठीतून मराठी कोश १८२९ मध्ये आधी छापून आला. त्यानंतर १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. सुमारे ४० हजार शब्द. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो आकडा ६० हजारांच्या घरात गेला.

आज हा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो आणि जुना मराठी शब्द अडला की अभ्यासक आजही तिथेच जातात.

गंमत म्हणजे हा कोश स्वतःच शॉर्टफॉर्मने भरलेला आहे. शब्द संस्कृतातून आला असेल तर इंग्रजी "एस", फारसी असेल तर "पी", अरबी असेल तर "ए", हिंदुस्थानी असेल तर "एच". लिंग सांगायला एक अक्षर, क्रियापद सकर्मक की अकर्मक हे सांगायला दोन अक्षरं. ६० हजार शब्द एका पुस्तकात बसवायचे तर दुसरा मार्गच नव्हता. फक्त एक काळजी घेतलेली होती. कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे सुरुवातीलाच लिहून दिलं होतं. ज्याच्या हातात पुस्तक, त्याच्या हातात किल्लीही.

साथीदार गेला, काम अंगावर आलं

मराठी-इंग्रजी कोश झाल्यावर उलटा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश करायचं ठरलं. पण मोल्सवर्थची तब्येत ढासळली आणि १८३६ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. जॉर्ज पुढे फौज सोडून पाद्री झाला. अर्धवट राहिलेलं काम थॉमस कँडींच्या अंगावर पडलं.

हे काम पहिल्याहून अवघड होतं. पहिल्या कोशात मराठी शब्द तयार होते, त्यांचा अर्थ सांगायचा होता. इथे इंग्रजी शब्द समोर होता आणि त्याच्यासाठी मराठीत काय म्हणायचं ते शोधायचं होतं. ज्या वस्तू, कल्पना, खाती आणि कायदे मराठी मुलखात नुकतेच पोचत होते, त्यांना शब्द आणायचे कुठून? आज "डाउनलोड" ला काय म्हणायचं यावर जी डोकेफोड होते, तीच तेव्हा शेकडो शब्दांवर चालू होती. कँडींनी वर्षानुवर्षं हे काम ओढलं आणि १८४७ मध्ये कोश छापून आला. १८७३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

दरम्यान पुण्यात त्यांच्याकडे शिक्षणाचं काम आलं. पुण्याची संस्कृत पाठशाळा तेव्हा विश्रामबागवाड्यात भरायची. १८३७ च्या सुमारास तिची देखरेख कँडींकडे आली. पुढे १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पुणे कॉलेज झालं. त्याचे प्रमुखही कँडीच. हेच कॉलेज नंतर डेक्कन कॉलेज म्हणून नावाजलं. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत घडले. मराठी गद्याचे मोठे लेखक म्हणून ते पुढे ओळखले गेले.

१८५२ मध्ये याच विश्रामबागवाड्यात आणखी एक प्रसंग घडला. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. शाली देणारे होते मेजर कँडी. हा प्रसंग ध्यानात ठेवा. तो पुन्हा लागणार आहे.

१८५० ची छोटी पुस्तिका

मराठी छापखाने तोवर सुरू झाले होते. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं. शाळा वाढत होत्या, पुस्तकं छापली जात होती.

आणि इथे जुनी पद्धत अडायला लागली. मोडी पत्र वाचणारा कारकून त्या विषयातला असायचा. छापील पुस्तक मात्र कुणाच्याही हातात जाणार होतं. लिहिणारा पुण्यात, वाचणारं पोर दूरच्या खेड्यात. त्याला लेखकाची ओळख नाही, विषयाची माहिती नाही, आणि विचारायला शेजारी कुणी नाही. त्याने वाक्य कुठे तोडायचं?

छापील मराठीत इंग्रजी वळणाची काही चिन्हं तुरळक दिसू लागली होती. पण कुठलं चिन्ह कधी वापरायचं याचा मेळ नव्हता. कँडींनी तो घातला. १८५० मध्ये त्यांची विरामचिन्हांची परिभाषा ही पुस्तिका आली. इंग्रजीतली चिन्हं मराठी वाक्याला कशी लावायची, हे त्यात समजावून दिलं होतं.

स्वल्पविराम म्हणजे जरा थांबा, वाक्य चालू आहे. अर्धविराम म्हणजे एक विचार झाला, जोडीचा दुसरा येतोय. पूर्णविराम म्हणजे संपलं. प्रश्नचिन्ह म्हणजे आवाज वर न्या. "तू आलास" हे विधान आहे की प्रश्न, हे तोंडाने बोलताना सुरावरून कळतं. कागदाला सूर नसतो. तो सूर कागदावर उतरवायचं काम या चिन्हांचं.

इथे मराठी आणि हिंदीची वाट वेगळी झाली. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला. मराठीने इंग्रजीचं टिंब घेतलं. आज एकाच देवनागरीत लिहिलेली दोन पानं समोर ठेवली, तर शब्द वाचायच्या आधीच नुसत्या वाक्यांच्या शेवटावरून मराठी कुठलं ते ओळखता येतं.

पुस्तिका लिहून कुणी चिन्हं वापरायला लागत नाही. कँडींच्या हातात मात्र शाळेची पुस्तकं होती. वाचनपाठमाला त्यांनी केली, सरकारी भाषांतरं त्यांच्याकडून जायची, पीनल कोडचा मराठी अनुवाद त्यांनी केला. कायद्यात स्वल्पविराम चुकला तर काय होईल याचा विचार करा. एका पिढीने पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा त्यात टिंबं आणि शेपट्या होत्या, आणि ती पिढी मोठी होऊन तशीच लिहायला लागली.

मग लोक चिडले कशावर?

चिन्हांवर नाही. अधिकारावर.

१८५७ मध्ये कॉलेजचं काम सोडल्यावर कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून काम बघत होते. शाळाखात्यासाठी कुणी मराठी पुस्तक लिहिलं की ते त्यांच्या नजरेखालून जायचं. कुठला शब्द ठेवायचा, कुठला काढायचा, वाक्य कसं फिरवायचं, यात त्यांचा शब्द वजनदार. म्हणजे घरात जन्मापासून मराठी बोलणाऱ्या शास्त्र्याने लिहायचं, आणि ते बरोबर आहे की नाही हे इंग्लंडहून आलेल्या साहेबाने ठरवायचं.

कँडींचा मराठीचा अभ्यास दांडगा होता, यात शंका नाही. पण शिकून आलेली भाषा आणि अंगात मुरलेली भाषा यात फरक असतोच. नियमाने बरोबर पण बोलायला अवघड, इंग्रजी वाक्याच्या साच्यात ओतलेली अशी एक मराठी शाळेच्या पुस्तकांत तयार होऊ लागली, अशी तक्रार पुढे आली.

हा राग सगळ्यात जोरात बाहेर पडला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेत. विष्णुशास्त्री हे कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव, म्हणजे कँडींच्या विद्यार्थ्याचा मुलगा. १८७४ मध्ये निबंधमाला सुरू झाली आणि पहिल्याच निबंधाचा विषय होता, मराठीची आजची स्थिती. साहेबाने मराठीचा न्यायनिवाडा करावा, हे या नव्या पिढीला मान्य नव्हतं.

पण निबंधमालेचं पान उघडून बघा. लांबच लांब वाक्यं, आणि ती पेलून धरायला जागोजागी स्वल्पविराम आणि अर्धविराम. साहेबाचा अधिकार नाकारला, साहेबाची चिन्हं मात्र ठेवली. कारण ती उपयोगाची होती.

आता १८५२ चा तो सत्कार आठवा. ज्या फुल्यांना कँडींनी शाल दिली, त्या फुल्यांची गुलामगिरी १८७३ मध्ये आली. भाषा शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या तोंडची. निबंधमालेत विष्णुशास्त्र्यांनी फुल्यांवर टीका केली, तेव्हा त्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाची आणि शुद्धलेखनाचीही टर उडवली. जातीबद्दल, शिक्षणाबद्दल फुले जे म्हणत होते, त्याचं उत्तर यात नव्हतं. पण वाचणाऱ्यावर परिणाम व्हायचा तो झाला. ज्याला धड लिहिता येत नाही, त्याचं काय ऐकायचं?

म्हणजे साहेबाने आपली मराठी तपासू नये म्हणून जो लेखक चिडला, त्याच लेखकाने दुसऱ्या मराठी माणसाची मराठी तपासून त्याला गप्प करू पाहिलं. आज कमेंटमध्ये मुद्द्याला उत्तर नसलं की लोक स्पेलिंग पकडतात ना? ती खोड दीडशे वर्षं जुनी आहे.

शेवट

कँडी शेवटपर्यंत या कामातच राहिले. वयाच्या अठराव्या वर्षी मराठी मुलखात आलेला हा माणूस २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरला वारला. पन्नासहून जास्त वर्षं हिंदुस्थानात, त्यातली बहुतेक मराठी शब्दांसोबत.

त्यांनी सुधारलेली शाळेची पुस्तकं आज कुणी वाचत नाही. त्यांच्या मराठीला कुणी आदर्श मानत नाही. इंग्रजी-मराठी कोशाची जागा नव्या कोशांनी घेतली. राहिलं काय? टिंब, शेपटी, आकडा आणि उभ्या रेघेखालचं टिंब. बरोबर काय ते सांगणारा कँडी मागे पडला. वाचणाऱ्याला मदत करणारा कँडी राहिला.

आपल्या भांडणांना हे लावून बघा

कँडींच्या हयातीत चांदा जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५० मध्ये पुस्तिका निघाली तेव्हा तिथे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, आणि कागद मोडीतच चालायचे. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर हा भाग मध्य प्रांतात गेला. पुणे आणि चांदा एका राज्यात यायला १९५६ उजाडलं. मग महाराष्ट्र झाला आणि १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारने स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार आले. आज ग्रुपवर ज्यावरून वाद होतात ते बहुतेक याच १८ नियमांतले.

त्यातला एक थेट चंद्रपूरला लागतो. गावाच्या नावातलं "पूर" दीर्घ लिहायचं. म्हणून चंद्रपूर, ब्रह्मपुरी मात्र ह्रस्व, आणि "चंद्रपुरात" लिहिताना पुन्हा ह्रस्व. हिंदीत चंद्रपुर लिहितात, त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन्ही पाट्या दिसतात. पण पाटी कशीही असली तरी बस त्याच स्टँडवर थांबते. अर्थ बदलत नाही. चूक दाखवावी, दुकानदाराची अक्कल काढू नये.

दुसरं, चंद्रपूर-गडचिरोलीची झाडीबोली. या बोलीत "ण" चा "न" होतो आणि "ळ" चा "र". पाणी नाही, पानी. डोळा नाही, डोरा. तिथला पोरगा मेसेजमध्ये "पानी" लिहितो तेव्हा तो चुकत नसतो, तो आपल्या आजीसारखा बोलत असतो. परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहावी, हे ठीक. पण ग्रुपवर त्याच्या "न" ला हसणं म्हणजे मराठीची सेवा नव्हे.

तिसरं, शॉर्टफॉर्म. एटीएम मशीन, पिन नंबर, ओटीपी पासवर्ड, पीडीएफ फॉरमॅट. यातला शेवटचा शब्द आधीच शॉर्टफॉर्ममध्ये आहे, हे खरं. मग लोक तो दोनदा का म्हणतात? कारण शॉर्टफॉर्म जुना झाला की तो फोडून कुणी वाचत नाही, तो एक साधा शब्द होऊन बसतो. बँकेतून आलेल्या आजीला "ओटीपी पासवर्ड कुणाला सांगू नका" हे जास्त लवकर कळत असेल, तर तो एक जादा शब्द वाया गेलेला नाही.

खरा त्रास होतो तो किल्ली नसलेल्या शॉर्टफॉर्मचा. चंद्रपुरात "वेकोलि" म्हटलं की शेंबडं पोरही वेस्टर्न कोलफिल्ड्स समजतं. पुण्याचा माणूस बुचकळ्यात पडतो. इंग्लंडचे पंतप्रधान राहिलेले डेव्हिड कॅमेरून "एलओएल" चा अर्थ खूप खूप प्रेम असा समजून मेसेज पाठवत होते, हे २०१२ मध्ये एका चौकशीत उघड झालं आणि जगभर हसं झालं. ऑफिसच्या ग्रुपवर नव्या पोराला "ईओडी पर्यंत दे" म्हणताना त्याला ते दिवस संपायच्या आत असं कळलंय का, हे एकदा बघावं. मोल्सवर्थ-कँडींनी शॉर्टफॉर्म भरपूर वापरले, पण अर्थ आधी सांगून.

आणि "ओके." मधलं ते टिंब? चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं. टिंबाला काम उरत नाही. मग बिनकामाचं टिंब कुणी मुद्दाम टाकलं, की समोरच्याला त्यात सूर ऐकू येतो, तुटकपणाचा. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासलं. एका शब्दाच्या मेसेजला पूर्णविराम लावला तर वाचणाऱ्यांना तो कमी मनापासूनचा वाटला. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं झालं नाही. कागदाला सूर यावा म्हणून जे चिन्ह मराठीत आलं, ते मोबाईलवर अजूनही सूरच सांगतंय, फक्त वेगळा.

त्यामुळे एका शब्दाच्या उत्तरात टिंब गाळलं तर काही बिघडत नाही. पण मेसेजमध्ये दोन वाक्यं असतील, आणि मधे "नाही" असेल, तर ते टिंब टाकाच. विशेषतः ग्रुपवर कुणीतरी पहाटे टोपली घेऊन दारात उभं असेल, आणि वाघ गेला की नाही ते तुमच्या मेसेजवरून ठरवणार असेल, तेव्हा.